ई-रीडर घ्यावा का? आधी आपल्या वाचनाची यादी काढा

आमच्या दुकानात छापील पुस्तकं मिळतात आणि आता ई-रीडरही, म्हणजे ई-पुस्तकं वाचायची यंत्रं, मिळतात. त्यामुळे "घेऊ का हो?" हा प्रश्न काउंटरवर नेहमीचा झाला आहे. आमचं उत्तर प्रत्येकाला वेगळं असतं, कारण ते यंत्रावर कमी आणि तुम्ही काय वाचता यावर जास्त अवलंबून असतं. येत्या सहा महिन्यांत जी पुस्तकं वाचायची मनात आहेत, त्यातली दहा नावं कागदावर लिहा. ती ई-पुस्तक म्हणून मिळतात का, हे आम्ही तुमच्यासमोर शोधून दाखवतो. सात-आठ मिळाली तर यंत्र जरूर घ्या. दोन-तीनच मिळाली तर पैसे राखून ठेवा, त्यात पुस्तकं येतील.

डोळ्यांना त्रास होतो का?

ही शंका बहुतेकांना असते, म्हणून आधी तीच घेऊ. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि तो उजेड थेट डोळ्यांत येतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या बारीक कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव आणि त्यात पांढरे व काळे कण असतात. एका रंगाच्या कणांवर धन विद्युतभार असतो, दुसऱ्यावर ऋण. खालून विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. बॅटरी आठवडेच्या आठवडे चालते ती यामुळेच. वाचायला उजेड बाहेरचाच लागतो, कागदाला लागतो तसा. रात्रीसाठी कडेला छोटे दिवे असतात, त्यांचा प्रकाश पडद्यावर पसरतो आणि हवा तेवढा मंद करता येतो. असा पडदा बनवणाऱ्या 'ई इंक' या कंपनीची स्थापना १९९७ सालची. या पडद्याचा पहिला ई-रीडर सोनीने २००४ मध्ये जपानात विकायला आणला आणि ॲमेझॉनचा ई-रीडर किंडल २००७ मध्ये आला. तंत्र आता चांगलं मुरलेलं आहे.

दुकानात यंत्र हातात घेतलंत तर ते दाराशी उन्हात नेऊन बघा. मोबाइलवरचं जिथे दिसेनासं होतं, तिथे हे अक्षर अधिकच ठळक दिसतं. पान उलटताना अधूनमधून पडदा क्षणभर काळा होतो. हा बिघाड नव्हे. आधीच्या पानाची पुसट छाया राहू नये म्हणून यंत्र सगळे कण एकदा हलवून घेतं.

मराठी वाचकाने काय तपासावं

खरी मेख इथे आहे. किंडलवर मराठी पुस्तकांची सोय डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून यादी वाढते आहे, पण आपली सगळी पुस्तकं तिथे नाहीत. याचं एक कारण छपाईच्या पद्धतीत आहे. आपल्याकडची पुष्कळ पुस्तकं युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये जुळवलेली आहेत. त्यांचं ई-पुस्तक करायचं तर सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणून मुद्रितं पुन्हा ओळीओळीने तपासावी लागतात. ज्या प्रकाशकांनी ही मेहनत घेतली आहे त्यांची ई-पुस्तकं सुरेख वाचता येतात. ज्यांनी घाई केली, त्यांच्या पुस्तकात जोडाक्षरं फुटलेली दिसतात.

तेव्हा विकत घेण्यापूर्वी फुकट मिळणारं नमुना-प्रकरण उतरवून घ्या आणि त्यात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' असे शब्द शोधा. तिथला आडवा रफार नीट बसला आहे का? रिकाम्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ तर नाही ना? 'द्ध', 'ह्म', 'श्र' अखंड आहेत का? एवढं ठीक असेल तर पुढचं पुस्तकही बहुधा ठीक असतं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि आम्ही ती प्रत्येकाला करायला लावतो.

बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या संकेतस्थळावरची ई-पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या ॲपवर वाचायची असतात. म्हणजे तुमच्या यादीतली पुस्तकं मुख्यतः तिथे असतील, तर मोबाइल किंवा टॅब्लेट जास्त कामाचा. हे आम्ही आधीच सांगतो, कारण यंत्र घरी गेल्यावर हे कळलं तर फार वाईट वाटतं.

पीडीएफसाठी घेत असाल तर थांबा

स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचायला ई-रीडर मागतात. त्यांना आम्ही सहा इंची यंत्र देत नाही. त्याचा पडदा साधारण नऊ बाय बारा सेंटिमीटरचा. ए-फोर आकाराचं पान त्यात बसवलं की ते चाळीस टक्क्यांवर येतं, म्हणजे बारा पॉइंटचं अक्षर जेमतेम पाच पॉइंटचं उरतं. औषधाच्या पट्टीवरच्या मजकुराएवढं. डेमी आकाराची कादंबरी स्कॅन केलेली असेल तरी अक्षर सात पॉइंटच्याही खाली जातं. पीडीएफमध्ये पान चित्रासारखं गोठलेलं असतं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान सरकवत बसावं लागतं. इपब प्रकारच्या फायलीत मात्र मजकूर वाहता असतो, अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने लागतात. शिवाय नकाशे, तक्ते, रंगीत आकृत्या हे सगळं अभ्यासात लागतं. त्यासाठी दहा इंची टॅब्लेट किंवा सरळ छापील संच घ्या. मुलांची चित्रांची पुस्तकं आणि दिवाळी अंक हेसुद्धा कागदावरच वाचावेत असं आमचं ठाम मत आहे.

पुस्तक तुमचं होतं का?

ई-पुस्तक विकत घेताना बहुतेक ठिकाणी तुम्हाला वाचण्याचा परवाना मिळतो. ते शेजारच्या काकूंना वाचायला देता येत नाही, वाचून झाल्यावर रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येत नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली काही पुस्तकं त्यांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. हक्कांचा घोटाळा होता, पैसे परत मिळाले, पण पुस्तक गेलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, तेव्हा लोकांची आधी घेतलेली पुस्तकंही उघडेनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालायची सोयही ॲमेझॉनने काढून घेतली. म्हणून जे पुस्तक आयुष्यभर जवळ राहावं, मुलांच्या हाती द्यावं असं वाटतं, ते छापीलच घ्या. एकदा वाचून पुढे जायचं आहे ते ई-पुस्तक घेतलंत तरी चालेल.

पैशाचा हिशेबही मांडून बघा. समजा यंत्र बारा हजारांचं आहे आणि एका पुस्तकामागे शंभर रुपये वाचतात. मग यंत्राची किंमत वसूल व्हायला एकशेवीस पुस्तकं लागतात. वर्षाला पाच-सहा पुस्तकं वाचणाऱ्याने केवळ बचतीसाठी ते घेऊ नये.

फुकट आणि रीतसर

आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं. राम गणेश गडकरी आणि ह. ना. आपटे १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचं लेखन कुणीही मोकळेपणाने वाचावं. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथसंग्रहातून पुस्तकं थेट इपबमध्ये उतरवता येतात आणि ती ई-रीडरवर छान चालतात. किंडल असेल तर ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' या सोयीने पाठवा, २०२२ पासून ती इपब स्वीकारते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, ई साहित्य प्रतिष्ठानही मोफत देतं. यातलं बरंचसं पीडीएफमध्ये असतं, तेव्हा वरचा आकाराचा मुद्दा लक्षात असू द्या.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ मात्र यंत्रात भरून द्या असं कृपया आम्हाला सांगू नका. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची असते. त्यातली शंभर गिऱ्हाइकं अशी गेली की लेखकाच्या पुढच्या पुस्तकाला प्रकाशक मिळणं अवघड होतं.

आई-वडिलांसाठी घेत असाल

ज्येष्ठांना हे यंत्र खरोखर उपयोगी पडतं, आणि आम्हाला ते विकताना सर्वांत जास्त समाधान इथेच मिळतं. मोतीबिंदूमुळे किंवा अन्य कारणाने छापील अक्षर लागेनासं झालं की वाचन सुटतं, आणि त्याबरोबर दुपारही मोठी होते. इथे अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. सहाशे पानांची कादंबरी हातात धरून मनगट दुखतं, त्या जागी दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन. मात्र सहा इंचीवर अक्षर खूप वाढवलं की ओळीत तीन-चारच शब्द मावतात, म्हणून त्यांच्यासाठी सात इंची किंवा मोठं घ्या. बोटं थरथरत असतील तर पान उलटायला बटण असलेलं मॉडेल बघा. देण्यापूर्वी खातं उघडून, वायफाय जोडून, अक्षराचा आकार ठरवून आणि दोन-तीन पुस्तकं भरून द्या. खातं तुमच्याच नावावर ठेवलंत तर परगावाहून, अगदी परदेशातूनही, तुम्हाला त्यांच्या यंत्रावर नवं पुस्तक पाठवता येतं.

सांभाळ

यंत्राला कव्हर घ्याच. बहुतेक यंत्रांत पडद्यामागे पातळ काच असते, ती पिशवीत डब्याच्या किंवा छत्रीच्या दांड्याच्या दाबाने तडकते आणि पडदा बदलण्याचा खर्च बऱ्याचदा नव्या यंत्राच्या किमतीजवळ जातो. कोकणात किंवा पावसाळ्यात वापरायचं असेल तर पाण्यापासून संरक्षण असलेलं मॉडेल मागा. महिनोन्महिने वापरणार नसाल तर बॅटरी पूर्ण उतरू न देता अधूनमधून चार्ज करत राहा. दुकानात खिडकीजवळच्या टेबलावर वेगवेगळ्या आकारांची यंत्रं ठेवलेली आहेत. सकाळी गर्दी कमी असते, तेव्हा या आणि एखादं प्रकरण बसून वाचा.