१२ विरुद्ध ११ : जोव्हितो सालोंगा आणि अमेरिकी तळ

१६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपाइन्सच्या सिनेटने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, अमेरिकेचे लष्करी तळ देशात ठेवण्याचा नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. एका मताने करार पडला, असे आजही लिहिले जाते. ते चूक आहे. करार मंजूर व्हायला २४ पैकी दोन तृतीयांश, म्हणजे १६ मते लागत होती. एक जागा रिकामी असल्याने तो अडवायला आठच विरोधक पुरेसे होते, निघाले बारा. शेवटचे मत सिनेटचे अध्यक्ष जोव्हितो सालोंगा यांचे.

तारीखही योगायोगाची नव्हती. तळांचा १९४७चा मूळ करार ९९ वर्षांचा होता. १६ सप्टेंबर १९६६च्या दुरुस्तीने तेव्हापासून २५ वर्षांची मुदत ठरली. ही मुदत संपल्यावर सिनेटच्या संमतीने झालेल्या कराराशिवाय परकी तळ नको, असे कलम १९८७च्या राज्यघटनेत आले. त्यामुळे केवळ सरकारच्या सहीने मुदत वाढणे शक्य नव्हते.

सालोंगा १९२०चे, पासिग गावचे, पाद्र्याचे पुत्र. जपानी राजवटीत १९४२ साली त्यांना अटक झाली, छळ झाला. पुढे अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून डॉक्टरेट. १९७१ साली मनिलात प्लाझा मिरांडाच्या सभेत बॉम्ब फुटले, त्यात त्यांचा एक डोळा गेला. त्याच वर्षीच्या सिनेट निवडणुकीत ते पहिल्या क्रमांकाने निवडून आले. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत तुरुंग आणि परदेशवासही भोगला.

नव्या करारात सुबिकचा नौदल तळ आणखी दहा वर्षे राहणार होता, वर्षाला २०.३ कोटी डॉलरच्या बदल्यात. जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाने राखेत गेलेला क्लार्क हवाई तळ अमेरिकेने आधीच सोडायचे ठरवले होते. राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो करारासाठी मोर्चा घेऊन सिनेटवर गेल्या. त्यांचे दीर आगापितो अकिनो मात्र बारांपैकी एक. मार्कोस यांचे जुने संरक्षणमंत्री एन्रिलेही त्यांतच! इतकी वेगवेगळी माणसे एका बाजूला आली, हे त्या मतदानाचे खरे वजन.

पुढच्या काही महिन्यांतच सालोंगांचे सिनेटचे अध्यक्षपद गेले. १९९२च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सात उमेदवारांत ते सहावे आले. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला अमेरिकी नौदलाने सुबिक सोडले.

अमेरिकेशी २०१४ साली झालेल्या करारात तळ हा शब्द टाळून अमेरिकी सैन्यासाठी ‘ठरावीक ठिकाणे’ आली आणि तो सिनेटपुढे आलाच नाही. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत १९९१च्या बारा विरोधकांपैकी रेने सागिसाग आणि विगबेर्तो तान्याडा होते. जानेवारी २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार वैध ठरवला. सालोंगा त्याच वर्षी १० मार्चला वारले.