शालेय समुपदेशन: एका शब्दाची आणि न आलेल्या पदाची पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 'समुपदेशन' म्हटले की आधी बदली आठवते. रिक्त जागांची यादी समोर ठेवून सेवाज्येष्ठतेनुसार एकेकाला बोलावून शाळा निवडायला सांगणे, याला सरकारी भाषेत 'समुपदेशनाने पदस्थापना' असे म्हणतात. दहावीनंतर विज्ञान घ्यावे की वाणिज्य, हे सभागृहात दोनशे पालकांना सांगणारे व्याख्यानही समुपदेशनच असते, आणि रात्ररात्र झोप न लागणाऱ्या नववीतल्या मुलीशी बंद खोलीत पाऊण तास बोलणे हेही समुपदेशनच. शाळेतील समुपदेशकाची नेमणूक कोणी करायची, त्याचा पगार कोणी द्यायचा आणि त्याने नेमके काय करायचे, याचा घोळ पुण्यासारख्या शिक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या शहरातही मिटलेला नाही. त्याला पैशाचे कारण आहेच. परंतु निरनिराळ्या कामांना एकाच शब्दाने दिलेला आसरा हेही कारण लहान नाही. शिवाय या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे, आणि या कामात पहिल्या दिवसापासून टाळायची गोष्ट कोणती असेल तर तीच.

जुना शब्द 'मार्गदर्शन' होता आणि त्याचा रोख व्यवसायनिवडीवर होता. अमेरिकेत १९०८ साली बोस्टनमध्ये सुरू झालेल्या व्यवसाय मार्गदर्शन केंद्रापासून ही कल्पना पुढे गेली. आपल्याकडे १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने ती उचलली आणि १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने दहा माध्यमिक शाळांच्या गटासाठी एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचवले. दहा शाळांमागे एक, ही त्या काळची किमान अपेक्षा होती. पुण्यात याच सुमारास, १९६२ साली, सदाशिव पेठेत एका मानसशास्त्रज्ञाने सुरू केलेल्या संस्थेने मानसशास्त्रीय चाचण्यांची शाळकरी मुलांशी गाठ घालून दिली, पण तिचा भर बुद्धिमान मुले हेरून त्यांना वाढवण्यावर होता. अडखळणाऱ्या मुलाचा विचार शाळांनी मानसशास्त्राच्या अंगाने करायला आणखी तीन दशके लागली.

मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेली व्यक्ती मराठी शहरांतील शाळांच्या दारात आली ती भावनांच्या वाटेने नव्हे, तर परीक्षेच्या वाटेने, हे आज विसरले जाते. राज्य सरकारने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती देऊ केल्या. जादा वेळ हवा असेल, लेखनिक हवा असेल, तर दाखला हवा. दाखल्यासाठी तपासणी हवी. आणि तपासणीला मूल पाठवायचे तर ते 'आळशी' नसून त्याला वाचन-लेखनातच खरी अडचण आहे, हे आधी शाळेत कोणीतरी ओळखायला हवे. हे 'कोणीतरी' म्हणजे पुढे शालेय समुपदेशक झाला. फळ्यावरून उतरवून घेताना मागे पडणारा, तोंडी उत्तरे चोख देणारा आणि पेपर कोरा ठेवणारा आठवीतला मुलगा समुपदेशकाकडे अभ्यासाची तक्रार घेऊन येतो. चार भेटींनंतर कळते की वर्गात मोठ्याने वाचायला उभे राहण्याच्या धास्तीने त्याचे सकाळी पोट दुखते. अशा मुलाबाबत शैक्षणिक आधार आणि भावनिक आधार असे दोन कप्पे करता येत नाहीत. वर्गशिक्षकाला त्याला अचानक वाचायला न लावण्याची विनंती करणे, घरी पालकांना तुलना थांबवायला सांगणे, अभ्यासाचे तुकडे पाडून देणे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे ही सगळी मिळून एकच मदत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २१ दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले, तेव्हा या कामाला कायद्याचे पाठबळ मिळाले. काम करणाऱ्या माणसाला मात्र ते मिळाले नाही.

दरम्यान परीक्षेचा ताण हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला होता. २०१० च्या जानेवारीत राज्यात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ आल्या. ताण कमी करण्याची भाषा त्या काळात सर्वांच्याच तोंडी होती, पण सरकारचे हात प्रामुख्याने गुणांच्या सूत्रांकडे वळले. दहावीला सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचा निर्णय २०१० मध्ये न्यायालयाच्या फेऱ्यांतून जाऊन टिकला, नापासांची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैतच होऊ लागली. या बदलांचा मुलांना उपयोग झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही गुण मोजण्याची रीत बदलणे हा मुलाशी कोणीतरी बोलण्याला पर्याय म्हणून वापरला गेला, असे मागे वळून पाहताना वाटते. २०१६ मध्ये राज्यभर सुरू झालेली दहावीची कल चाचणी याच जातीची. कल म्हणजे आवड आणि अभिक्षमता म्हणजे कुवत, हा फरक घरोघर पोहोचलाच नाही. 'गणवेशधारी सेवा' असा निकाल हातात पडलेला मुलगा आणि त्याचे वडील यांच्यात पुढे जे बोलणे व्हायला हवे होते, त्यासाठी शाळेत माणूस नव्हता.

खरा वादग्रस्त निर्णय येथेच आहे, आणि तो कोणत्याही एका दिवशी झाला नाही. स्वतंत्र पद निर्माण न करता, अल्प मुदतीचे प्रशिक्षण देऊन शिक्षकालाच समुपदेशक म्हणायचे, असे धोरण हळूहळू रूढ झाले. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्य मंडळ विभागवार समुपदेशकांचे दूरध्वनी क्रमांक जाहीर करते, त्यांतही शिक्षक असतात. या धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. भोर किंवा मुळशीच्या डोंगराळ भागातील शाळेला मानसशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर मिळणार नाही, मिळाला तरी टिकणार नाही. त्या मुलाचे घर, त्याच्या बापाचे व्यसन, त्याच्या आईची मजुरी हे सारे शिक्षकाला न सांगता माहीत असते. अनेकांना आयुष्याच्या अवघड वळणावर सावरले ते एखाद्या सरांनी किंवा बाईंनीच, हेही खोटे नाही.

पण माया आणि समुपदेशन या दोन गोष्टी आहेत. ज्या शिक्षकाच्या हातात दहावीचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आहेत, त्याच्यापुढे त्याच विषयाची भीती वाटते हे विद्यार्थी कसे कबूल करील? ऐकलेली गोष्ट मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत चहाबरोबर निघू नये, याची हमी कोण देईल? समुपदेशक नोंदी वेगळ्या ठेवतो, त्या प्रगतिपुस्तकाला जोडत नाही, आणि पहिल्याच भेटीत गोपनीयतेची मर्यादाही सांगून टाकतो. ही मर्यादा महत्त्वाची आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. म्हणून 'तू सांगशील ते माझ्यापाशीच राहील' असे वचन समुपदेशकाला देता येत नाही. प्रेमळ शिक्षक ते सहज देऊन बसतो. तीन दिवसांच्या शिबिरात हा विवेक अंगी बाणत नाही, आणि जनगणना, मतदार याद्या व पोषण आहाराच्या नोंदींनंतर उरलेल्या वेळात तर नाहीच नाही.

पद का आले नाही, याचे उत्तर रुक्ष आहे. अनुदानित शाळेत किती आणि कोणती पदे असावीत हे संचमान्यतेवरून, म्हणजे शाळेला सरकारने मंजूर केलेल्या पदांच्या तक्त्यावरून, ठरते, आणि त्या हिशेबात समुपदेशकाला जागा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात उच्च प्राथमिक शाळेसाठी कला, आरोग्य व कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक आले. समुपदेशक आला नाही, जरी त्याच कायद्याच्या कलम १७ ने मुलांना शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळ करण्यासही मनाई केली. उलट केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) २०१८ च्या संलग्नता नियमावलीत समुपदेशकाची नेमणूक अपेक्षित धरली, त्यामुळे बाणेर, वाकड, खराडी या बाजूच्या नव्या शाळांत समुपदेशकाची खोली दिसते आणि तिचा खर्च शुल्कातून निघतो. पेठांमधील शतक ओलांडलेल्या मराठी शाळेत तीच व्यवस्था करायची तर माजी विद्यार्थ्यांची देणगी, एखाद्या संस्थेचे स्वयंसेवक किंवा आठवड्यातून दोन दिवस येणारी मानधनावरची ताई, एवढेच मार्ग उरतात. म्हणजे समुपदेशक मिळणे हे मुलाच्या गरजेवर नव्हे, तर शाळेच्या मंडळावर आणि शुल्कावर ठरू लागले.

पात्रतेचा प्रश्नही याला चिकटलेला आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते, पण 'समुपदेशक' अशी पाटी लावायला फार काळ कोणाचीच परवानगी लागत नसे. २०२१ च्या आरोग्य-सहाय्यक व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्याने हे क्षेत्र आपल्या कक्षेत घेतले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समुपदेशकांचा उल्लेख केला, पण निधीचा नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणममधील एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे निर्देश दिले; गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, असेही सांगितले. शिकवणी वर्गही त्यात आले. शंभराची अट पुण्यातील बहुतेक माध्यमिक शाळा पहिल्या दोन तुकड्यांतच ओलांडतात. लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घेण्याची मुभा आहे, मोठ्यांना नाही. आणि अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक संचमान्यतेचा कागद उघडतो तेव्हा त्यात मुख्याध्यापक, शिक्षक, लिपिक असे रकाने त्याला दिसतात, समुपदेशकाचा दिसत नाही.