बंधारा भरला म्हणजे विहीर भरली?

खानापूर-बेळगावकडे एक समज घट्ट बसलाय: ओढ्यावर बंधारा घातला की शिवारातल्या विहिरींना पाणी येतं. नुसत्या बंधाऱ्याने तसं होत नाही. वरचा माळ उघडा असेल तर वळवाच्या पहिल्या सरींतच माती वाहून येते, तळाला बारीक गाळ बसतो आणि तो पाणी मुरूच देत नाही. बंधारा तुडुंब दिसतो, मार्चमध्ये विहीर मात्र तळाला.

म्हणून पाणलोटाची जाणकार मंडळी माथ्यावरून सुरुवात करतात. आधी समपातळी चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब चर: 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल. असा 10 मीटर चर एकदा भरला की 1,800 लिटर पाणी थांबतं. पातळी नजरेने काढू नका (इथेच बहुतेक कामं बिघडतात), पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने काढा. चर जरा तिरका गेला की पाणी एका टोकाला धावतं, तिथली भर फुटते आणि नवी घळ पडते. खणलेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची. वर टाकली तर पावसात परत चरातच. नंतर ओघळीत दगडी बांध. बंधारा सगळ्यांत शेवटी, आणि त्यातला गाळ दर उन्हाळ्यात पाणी आटल्यावर काढायचा.