सिटी बसवर नाव एकाचं, बस दुसऱ्याची: इंदूरच्या बसची पार्श्वभूमी

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले की सरवटे बस स्टँडवर एक प्रश्न ठरलेला, तुमची एसटी कुठून सुटते? नाही हो, आमच्याकडे एसटी नाहीच. महाराष्ट्राची लाल गाडी येते ती येते, बाकी स्टँडवर दिसतात त्या बहुतेक प्रायव्हेट, स्टँड सरकारी आणि गाड्या शेठजींच्या. (स्टँडला ज्यांचं नाव आहे ते विनायक सीताराम सरवटे आपलेच, इंदूरचे मराठी माणूस, संविधान सभेत होते, पण हल्लीच्या पोरांना सरवटे म्हणजे फक्त स्टँड.)

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे एबी रोडवरचं (आग्रा-मुंबई रस्ता) बीआरटीएस, म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेली लेन, काढायचं ठरल्यापासून आणि राज्याची नवी बस योजना आल्यापासून लोक बोलायला लागलेत की "सरकारी बस परत येतेय". तशी ती परत वगैरे येत नाहीये. नवी योजनाही प्रायव्हेट गाड्यांवरच चालणार आहे आणि आपल्याकडे हे काही नवीन नाही, गेली वीस वर्षं सिटी बसचं असंच चाललंय, बस प्रायव्हेट ऑपरेटरची, नाव सरकारी कंपनीचं. दर काही वर्षांनी बदलतं ते एवढंच की रिकाम्या सीटचा तोटा कोणाच्या खिशातून जाणार, आणि तो करार बदलला की बसमधलं सामानही बदलतं, दारं, तिकीट मशीन, जीपीएस, सगळं.

थोडं मागे जाऊ. १९४८ चा मे महिना बघा, २८ मेला मध्यभारत राज्य झालं, होळकर आणि शिंद्यांची संस्थानं एकत्र आली, आणि चारच दिवसांनी, १ जूनला, तिकडे पुणे-अहमदनगर पहिली एसटी सुटली. त्याच मे महिन्यात दिल्लीत केंद्र सरकारने शहराची बससेवा एका प्रायव्हेट कंपनीकडून काढून स्वतःकडे घेतली, आणि त्या कंपनीचं नाव होतं ग्वालियर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी. म्हणजे आजच्या डीटीसीच्या आधी राजधानीत ग्वाल्हेरच्या नावाची गाडी धावत होती! सेवा नीट नाही म्हणून ती काढून घेतली, हा भाग ग्वाल्हेरवाले सहसा सांगत नाहीत.

तेव्हा देशभर हवा तीच होती, प्रायव्हेट बसवाला मनमानी करतो तर सरकारने बस चालवावी. १९५० मध्ये राज्यांना परिवहन महामंडळं काढता यावीत म्हणून कायदा आला, १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन एखादा रूट राष्ट्रीयीकृत ठरवून प्रायव्हेट गाड्या तिथून हटवायची सोय झाली. आपल्याकडे आधी मध्यभारत रोडवेज होती, मग १९६२ मध्ये मध्यप्रदेश राज्य सडक परिवहन निगम बनलं. जुने लोक अजूनही "रोडवेज"च म्हणतात.

पण रोडवेजच्या काळातही प्रायव्हेट गाड्या गेल्या नव्हत्या. मोठे रूट निगमकडे, बाकी आतले-बाहेरचे रूट परमिटवाल्यांकडे, आणि पुढे पुढे निगमकडे गाड्या घ्यायला पैसे राहिले नाहीत तेव्हा "अनुबंधित" गाड्या आल्या, म्हणजे मालक प्रायव्हेट, ड्रायव्हर मालकाचा, पण समोर बोर्ड निगमचा. आज ज्याला पीपीपी, म्हणजे सरकार आणि प्रायव्हेटची भागीदारी, म्हणतात ते आमच्याकडे अनुबंध या नावाने आधीच चाललं होतं. २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, निगमचा तोटा आणि देणी वाढतच गेली, आणि २००५ मध्ये बाबूलाल गौर मुख्यमंत्री असताना निगम गुंडाळायचं ठरलं. गुंडाळायलाही वर्षं लागली, कर्मचाऱ्यांची देणी, डेपोच्या जमिनी, सगळा पसारा.

इथे परमिटची भानगड समजून घ्यायला हवी, कारण बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. कायद्यात प्रवासी बसचे मुख्य दोन प्रकार आहेत. स्टेज कॅरेज म्हणजे थांबे घेत जाणारी, प्रत्येक प्रवाशाकडून वेगळं भाडं घेणारी. कॉन्ट्रॅक्ट कॅरेज म्हणजे पूर्ण गाडी ठरवून घेतलेली, लग्नाची बस, टुरिस्ट बस, कंपनीची स्टाफ बस. स्टाफ बसने रस्त्यात हात दाखवणाऱ्याला तिकीट देऊन चढवायचं नाही, निदान कायद्यात तरी तसंच आहे. १९८८ चा नवीन कायदा आला आणि परमिट मिळणं बरंच सोपं झालं, मग रूटवर गाड्या वाढल्या आणि टाइमिंगवरून भांडणं सुरू झाली. पाच मिनिटं आधी सुटणारी गाडी सगळी सवारी, म्हणजे प्रवासी, उचलते, मागच्याला रिकामा फेरा, म्हणून स्टँडवर टाइमकीपरसमोर रोज तमाशा.

शहरात काय होतं? जुनं इंदूर मिलचं शहर, मालवा मिल, राजकुमार मिल, हुकुमचंद मिल, कामगार आसपासच राहायचे आणि सायकलवर जायचे, भोंगा वाजला की रस्ता सायकलींनी भरायचा. १९९१ च्या शेवटी हुकुमचंद मिल बंद पडली. तोपर्यंत नोकऱ्या शहराबाहेर पिथमपूरच्या कारखान्यांकडे सरकल्या होत्या, शहर इकडे विजय नगरच्या पलीकडे पसरत गेलं, म्हणजे घर एका टोकाला, काम दुसऱ्या टोकाला आणि मधे धड बस नाही. ती जागा भरली लांब नाकाच्या तीनचाकी टेम्पोने, सिटी व्हॅनने आणि "नगर सेवा" लिहिलेल्या मिनीबसने. त्यांना शिव्या सगळ्यांनी घातल्या, मीही घातल्यात, पण शहर त्यांनीच चालवलं हेही खरं. सवारी भरेपर्यंत हलायचं नाही आणि भरली की थांबायचं नाही, हेच त्यांचं टाइमटेबल. कारण उघड आहे, दिवसाच्या भाड्यातून मालकाचा हप्ता आणि डिझेल काढून उरेल ते ड्रायव्हरचं, म्हणून तो दहा मिनिटं उभा राहतो.

आणि पिथमपूरवाल्यांनी सिटी बसची वाटच पाहिली नाही, त्यांनी स्टाफ बस लावल्या. सकाळी राऊकडे जाणारा रस्ता बघा, पांढऱ्या-पिवळ्या गाड्यांची रांग, काचेवर कंपनीचं नाव आणि शिफ्टची चिठ्ठी. गंमत म्हणजे तिथेच आयशरचा कारखाना १९८६ पासून, ट्रक बनवतात, बसही बनवतात, म्हणजे बस बनवणारा माणूसही प्रायव्हेट ठेकेदाराच्या बसने कामावर जातो. या गाड्यांची बातमी कधी होत नाही, पण एवढे लोक ठरलेल्या वेळेला पोहोचवणारी दुसरी व्यवस्था या रस्त्यावर नाही.

मग २००५ चा डिसेंबर. निगम गुंडाळायचं ठरलंय आणि त्याच वर्षी तेव्हाचे कलेक्टर विवेक अग्रवाल यांच्या पुढाकाराने महापालिका आणि विकास प्राधिकरण मिळून एक कंपनी काढतात, इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड, पुढे तिच्या नावात "अटल" आलं. २००६ च्या सुरुवातीला लो-फ्लोअर बस रस्त्यावर आल्या आणि खरं सांगायचं तर लोक नुसते बघायला चढायचे. कंपनीने बस विकत घेतल्याच नव्हत्या. बस ऑपरेटरने घ्यायची, ड्रायव्हर-कंडक्टर त्याचे, डिझेल त्याचं, भाड्याची कॅश त्याची. वर ऑपरेटरने कंपनीला दर महिन्याला प्रीमियम द्यायचा, जो जास्त देईल त्याला रूट. कंपनी रूट ठरवणार, भाडं ठरवणार, थांबे बांधणार, पास विकणार, जीपीएसवर नजर ठेवणार. जाहिरातीचे आणि पासचे पैसे वाटून घ्यायचे. ऑफिसात मोजका स्टाफ. सरकारच्या खिशातून जवळजवळ काही न जाता शहरात नव्या बस धावतायत म्हटल्यावर बाहेरच्या शहरांची माणसं बघायला यायची.

हा करार चांगलाच होता, पण टेम्पोवाल्याचा स्वभाव त्यात शिल्लक राहिला. कॅश ऑपरेटरची आणि प्रीमियम ठरलेला, म्हणजे ऑफिसच्या वेळी थांब्यावर गर्दी मिळेपर्यंत रेंगाळायचं आणि रात्री साडेनऊची फेरी "गाडी खराब आहे" म्हणून गाळायची. पासवाला चढला की कंडक्टरचं तोंड वाकडं, कारण त्याचे पैसे कंपनीकडे गेलेत, वाटा नंतर हिशोबात येणार. जीपीएस होतं, पण जीपीएसने गाडी कुठे आहे ते कळतं, रिकाम्या रूटवर ती पाठवायला कोणाला परवडतं हे त्यातून कसं सुटणार?

त्याच डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरं सुधारायची योजना, सुरू झाली होती, आणि २००९ मध्ये मंदीच्या वेळी तिच्यातून शहरांना बस घ्यायला पैसे मिळाले. इंदूरसारख्या शहराला निम्मी किंमत केंद्राची. पण पैशाबरोबर अटी आल्या, आणि त्याआधी केंद्राने शहरी बस कशी असावी याची स्पेसिफिकेशनच काढली होती, लो-फ्लोअर म्हणजे जमिनीपासून ४०० मिलीमीटर, सेमी लो-फ्लोअर ६५० मिलीमीटर, पुढे-मागे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, रुंद दारं. तोपर्यंत आपल्याकडे बस म्हणजे ट्रकची चेसी आणि तिच्यावर गॅरेजमध्ये ठोकलेली बॉडी, म्हाताऱ्या माणसाला पहिल्या पायरीवर चढवायला दोन जण लागायचे. माझ्या मते सगळ्या योजनांमधला सर्वात टिकाऊ बदल हाच, पायरी खाली आली. पुढे १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना ट्रॅकिंग डिव्हाइस आणि पॅनिक बटणही सक्तीचं झालं, मग ती कोणाचीही असो.

१० मे २०१३ ला एबी रोडवर आयबस, म्हणजे बीआरटीएसच्या लेनमधली बस, सुरू झाली, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साधारण साडेअकरा किलोमीटर, २१ स्टेशनं. इथे हिशोब उलटा होता. ऑपरेटरला किलोमीटरप्रमाणे पैसे आणि तिकिटाची कॅश कंपनीची. लगेच बघा काय काय बदलतं: तिकीट स्टेशनवरच द्यायला लागतं, कारण कॅश ड्रायव्हरच्या हातात जाऊ द्यायची नाही, जीपीएस आता बिल बनवायला लागतं, किती किलोमीटर धावली, किती फेऱ्या गाळल्या, त्यावर कापाकापी. ड्रायव्हरला सवारीची घाई राहिली नाही म्हणून गाडी वेळेवर सुटायला लागली. रिकामी धावली तर तोटा कंपनीचा, ऑपरेटरचा नाही. आणि स्टेशन रस्त्याच्या मधोमध म्हणून दारं उजव्या बाजूला!

हीच दारं पुढे गळ्यात आली. भोपाळचं बीआरटीएस २०२४ च्या सुरुवातीला तोडायला घेतलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी इंदूरचंही काढणार म्हणून जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी हायकोर्टाने परवानगी दिली. कारवाल्यांना आनंद झाला, ते समजू शकतो, एका लेनमध्ये अडकून शेजारची रिकामी लेन बघायचा त्रास मी पण काढलाय. पण बसवाल्याच्या बाजूने बघा, मधली स्टेशनं गेली की बसला डावीकडे दार पाहिजे, तिकीट परत गाडीत द्यायला पाहिजे म्हणजे कंडक्टर आणि मशीन आलं, आणि वेळेची खात्री ट्रॅफिकच्या हवाली.

दरम्यान इलेक्ट्रिक बस आल्या. केंद्राच्या फेम या इलेक्ट्रिक गाड्यांच्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात इंदूरला ४० मिळाल्या होत्या, आणि ऑगस्ट २०२३ च्या पीएम ई-बस सेवेत मध्यप्रदेशच्या ५५२ पैकी १५० इंदूरच्या वाट्याला. या योजनेतही बस ऑपरेटरची, पैसे किलोमीटरप्रमाणे, केंद्राची मदतही किलोमीटरप्रमाणे १० वर्षं. पण डिझेल बस ऑपरेटर कुठेही उभी करू शकत होता, पेट्रोल पंप सगळीकडे. ई-बसला चार्जर पाहिजे, चार्जरला डेपो, डेपोला जमीन आणि विजेची मोठी लाइन, आणि ही जमीन ऑपरेटर आणणार कुठून? ती सरकारलाच द्यावी लागते. वीस वर्षांपूर्वी निगमचे डेपो विकायची घाई झाली होती, आता डेपो शोधत फिरायची वेळ आली. (मुंबईची बेस्ट आणि पुण्याची पीएमपी पण हल्ली बऱ्याच गाड्या भाड्यानेच चालवतात, तेव्हा पाहुण्यांनी फार कॉलर ताठ करू नये.)

आता एप्रिल २०२५ मध्ये कॅबिनेटने मंजूर केलेली मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा. वर राज्याची एक कंपनी, खाली सात प्रादेशिक कंपन्या, त्यात इंदूरची एक. गाड्या प्रायव्हेट ऑपरेटरच्याच, सरकार रूट, परमिट आणि देखरेख बघणार, शहराबरोबर गावांचे रूटही. गाडीतलं सामान कसं असेल त्यात मला फार रस नाही, जीपीएस, ॲप, कॅमेरे सगळं टेंडरमध्ये लिहिलेलं असतंच. मी टेंडरमध्ये एकच पान आधी शोधणार, इंदूरजवळच्या देपालपूरची रात्रीची शेवटची गाडी आठच सवारी घेऊन निघाली तर तिचं डिझेल कोण भरणार ते.