पार्श्वभूमी: महू ते जानापाव, सालई माथ्यावर का उरली

इंदूरहून महूजवळच्या जानापाव टेकडीवर लोक जातात ते पावसाळ्यात, आणि तेव्हा सगळं रान एकाच हिरव्या रंगाचं दिसतं. त्यातली झाडं ओळखायची तर पानगळीनंतर, मार्चच्या सुमारास जावं. सपाट काळ्या जमिनीवर पळस (माळव्याचा खाखरा) फुललेला असतो, उतारावर साग-धावडा उघडे उभे असतात, आणि माथ्यावर, जिथं खडकावर वीतभर माती नाही, तिथं पापुद्रे सुटलेली सालईची फिकट खोडं.

याचं अर्धं कारण जमिनीत आहे. माळवा दख्खनच्याच लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. सागाला निचरा हवा. त्या लाव्हाच्या खडकातून झालेल्या काळ्या चिकण मातीत पावसाळाभर त्याची मुळं पाण्यात राहतात आणि उन्हाळ्यात जमीन भेगाळली की बारीक मुळं तुटतात. पळस दोन्ही सोसतो. शिवाय गुरं त्याच्या पानाला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून फार चरलेल्या जागी तोच उरतो.

उरलेलं कारण कुऱ्हाडीचं. 1818 च्या इंग्रज-होळकर मंदसौर तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं, महूला इंग्रजांची छावणी आली. दोन्हीकडे सरपण, कोळसा आणि इमारती लाकूड लागू लागलं. 1870 मध्ये दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि पातालपाणी-कालाकुंडच्या घाटातून रूळ वर चढले. रूळ आले की त्यांखालच्या लाकडी स्लीपरची मागणी येते, लाकूड बाहेर न्यायची सोयही होते. सरळ, जाड साग आधी जातो. सालईचं लाकूड मऊ आणि लवकर किडणारं, म्हणून ती वाचली. तिला लगद्यासाठी भाव आला तो पुढे, नर्मदेपलीकडे नेपानगरला 1956 मध्ये वर्तमानपत्री कागदाचा कारखाना सुरू झाल्यावर.

तोडल्यावर परत कोण येतं, यातही भेद आहे. सागाच्या बुंध्याला जोरदार फुटवे येतात आणि त्याचं टणक फळ वणव्यातूनही वाचतं. धावडाही फुटतो, पण त्याचं बहुतेक बी पोकळ, त्यामुळे नवी रोपं कमीच. मोहाची फुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग उतारावर पसरली की अशी कोवळी रोपं जातात. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी शिरते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलेलं हे झुडूप वरून कापलं की दुप्पट फुटतं, कारण फुटवे खोड-मुळाच्या सांध्यातून येतात. मातीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर मूळ तोडून झुडूप उलटं ठेवावं लागतं. तोडलेल्या जागी गवत पेरलं नाही आणि पुढची दोन-तीन वर्षं रोपं उपटली नाहीत, तर पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांनी सगळं पुन्हा भरतं.

सर्वात दुर्लक्षित आहे ते गवत. माळव्यात राखीव कुरणाला बीड म्हणतात. चराई बेताची असेल तिथं पवन्या हे गवत टिकतं. वाढली की कुसळी येते. ही पडीक जमीन नव्हे. तणमोर या माळावरच्या पक्ष्यासाठी 1983 मध्ये सैलाना आणि सरदारपूर ही अभयारण्यं झाली ती अशाच माळांमुळे. तरीही जुलैत उघडा माळ दिसला की खड्डे खणून रोपं लावली जातात, आणि गवतही जातं, रोपंही.

लावायचंच असेल तर त्या जागेचं झाड लावावं. उतारावर सागाचे स्टंप, मूळ सुमारे 20 सेंटीमीटर आणि वर खोड दोन-तीन सेंटीमीटर. पहारीनं भोक पाडून, पाऊस नीट सुरू झाल्यावर, भोवती पोकळी न ठेवता माती घट्ट दाबून. माथ्यावर सालईच्या जाड फांद्यांची मीटरभर छाटणं, पावसाआधी. काळ्या सपाटीवर साग नकोच.

आणि ओढ्याकाठचे अर्जुन, करंज, जांभूळ राखायचे असतील तर आधी वरच्या उताराची आग थांबवायला हवी. तिथली माती धुपून याच ओढ्यात उतरते.