शेपटीला धरू नका

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज सकाळी गर्दी असते. हे नाव पडलं देवीच्या लशीवरून. त्या काळी ही लस वासरांच्या अंगावर तयार होई. पोटाची कातडी भादरायची, ओरखडे काढायचे, त्यात विषाणू सोडायचा आणि काही दिवसांनी उठलेले फोड खरवडून घ्यायचे. वासराचे हाल किती होतात, याचा हिशेब कुणी मागत नसे.

1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं हा हिशेब मागायला सुरुवात केली. प्रयोगांवर या कायद्याची बंदी नाही, पण त्याचं कलम 17 वाचण्यासारखं आहे. निव्वळ हात बसावा म्हणून प्राण्यावर प्रयोग करू नका. लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा घेऊ नका. मेडिकल कॉलेजात पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी शिकवता येत असेल तर प्रयोग टाळा. हे 1960 साली लिहिलंय! दंड मात्र जास्तीत जास्त 200 रुपये. खरा धाक आहे तो संस्थेचे प्रयोग बंद पाडण्याच्या अधिकाराचा.

1998च्या नियमांनुसार प्रत्येक प्रयोग आधी संस्थेच्या नैतिकता समितीपुढे जातो. तिथे पशुवैद्य असतो, बाहेरच्या संस्थेतला शास्त्रज्ञ असतो आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक सदस्यही असतो. उंदीरच का, तीसच का, वेदनाशामक कोणतं, प्रयोग संपल्यावर त्यांचं काय करणार, याची उत्तरं अर्जात लिहावी लागतात. बेळगावसारख्या मेडिकल आणि फार्मसी कॉलेजांच्या गावात हा अर्ज भरणारे पुष्कळ. म्हणून संशोधकांसाठी प्रशिक्षणं होतात. कलमं पाठ होतात, सर्टिफिकेट मिळतं.

पण कायदा शेवटी हातात उतरावा लागतो. उंदराला शेपटीला धरून उचलायचं, ही प्रयोगशाळांची जुनी सवय. 2010 साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की असे उंदीर माणसाचा हात टाळतात, बावरलेले राहतात. नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर मात्र आपणहून जवळ येतात. बावरलेल्या उंदराची मोजमापंही बिघडतात, म्हणजे विज्ञानाचंही नुकसानच. उंदीर दुखणं लपवतो, कारण दुबळा दिसला की शिकार झाला. तरी चेहरा थोडं सांगतो: डोळे किलकिले, गाल फुगलेले, कान मागे ओढलेले. या खुणांवरून वेदनेला गुण देण्याची पद्धत त्याच वर्षी प्रसिद्ध झाली.

आता हा चेहरा रोज बघतं कोण? पीएचडीची मुलगी आठवड्यातून दोनतीनदा येते. भुसा बदलणारा, पाण्याच्या बाटल्या भरणारा माणूस रोज येतो, सणासुदीलाही. आपल्या भागात तो बहुधा खानापूर किंवा हुक्केरीकडचा, घरी म्हैस असलेला. म्हशीनं रवंथ थांबवलं की त्याला कुणी सांगावं लागत नाही. प्रशिक्षण मात्र इंग्रजीत, स्लाइडवर, आणि तेही वरच्यांसाठी.

माझ्या मते पहिला वर्ग त्याचा घ्यावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. शिकवायचं फार नाही. उचलायचं कसं, वेदनेचा चेहरा कसा दिसतो, वजन पाचव्या हिश्शानं घटलं तर फोन कुणाला करायचा, आणि रात्री अकरा वाजता पशुवैद्यानं फोन उचलला नाही, तर त्यानंतर कुणाला.