टोराँटोचे नगरभवन

कॅनडातील टोराँटो महापालिकेचे मुख्यालय. फिनलंडचे वास्तुविशारद व्हिल्यो रेव्हेल यांनी आराखडा केलेली ही इमारत १३ सप्टेंबर १९६५ रोजी खुली झाली. बे स्ट्रीटच्या पश्चिमेला हे नवे नगरभवन आहे आणि पूर्वेला, रस्ता ओलांडला की समोरच, १८९९ चे जुने. नव्याची जागा करायला जुने पाडायचे, हा सर्वत्रचा रिवाज येथे पाळला गेला नाही. पाडायचा बेत मात्र होता.

जुने नगरभवन वास्तुविशारद एडवर्ड जेम्स लेनॉक्स यांनी बांधले. काम १८८९ ते १८९९ असे दहा वर्षे रेंगाळले, खर्च फुगत गेला आणि नगरसेवकांशी लेनॉक्स यांचे खटके उडत राहिले. पालिकेने त्यांचे नाव इमारतीवर लावू दिले नाही, तेव्हा त्यांनी छताखालच्या दगडी टेकूंवर एकेक अक्षर कोरून घेऊन स्वतःचे नाव इमारतीभोवती फिरवले. प्रवेशद्वारावरचे वेडेवाकडे चेहरे म्हणजे त्या नगरसेवकांचीच व्यंगचित्रे, असे सांगतात. त्यांतला एक मिशाळ चेहरा खुद्द लेनॉक्स यांचा. सुमारे १०३ मीटर उंचीचा घड्याळमनोरा हे वास्तूचे मुख्य लक्षण. मुंबई महापालिकेची १८९३ ची इमारत याच पिढीतली. ती अजून मुख्यालय म्हणून नांदते आहे. टोराँटोला मात्र आपली वास्तू पन्नास वर्षांतच तोकडी पडू लागली. तिच्यात न्यायालयेही होती, शहर वाढत होते आणि १९५३ मध्ये आसपासच्या नगरांना जोडणारी महानगरीय व्यवस्था आली, तेव्हा कारभाराचा व्याप आणखी वाढला.

नव्या नागरी चौकासाठी जागा घेण्यास मतदारांनी १९४७ मध्येच कौल दिला होता. इमारतीचा पहिला आराखडा मात्र १९५५ मध्ये आपटला. तीन स्थानिक वास्तुसंस्थांनी मिळून केलेल्या त्या चौकोनी, निर्जीव आराखड्यावर टोराँटो विद्यापीठाच्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उघड टीका केली आणि डिसेंबरमधील मतदानात नागरिकांनी खर्चाचा प्रस्तावच फेटाळला. सार्वजनिक बांधकामाला ‘नाही’ म्हणून एखाद्या शहराचा इतका फायदा क्वचितच झाला असेल. त्यानंतर महापौर नेथन फिलिप्स यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा आग्रह धरला. ‘आपल्याकडचे वास्तुविशारद काय कमी आहेत?’ या सुराला न जुमानता १९५७ मध्ये स्पर्धा जाहीर झाली आणि ४२ देशांतून पाचशेहून अधिक प्रवेशिका आल्या.

परीक्षकांमध्ये फिनिश-अमेरिकन वास्तुविशारद एरो सारिनेन होते. ते उशिरा पोहोचले, बाद ठरलेल्या आराखड्यांचा गठ्ठा चाळला आणि त्यातून रेव्हेल यांचा आराखडा वर काढला, अशी कथा प्रसिद्ध आहे. सिडनीच्या ऑपेरा हाऊसबद्दलही याच सारिनेन यांची अगदी हीच कथा सांगितली जाते, म्हणून ती थोडी बेतानेच घ्यावी. १९५८ मध्ये रेव्हेल विजयी ठरले, एवढे मात्र पक्के.

आराखड्याची कल्पना पाहताक्षणी समजते. समोरासमोर वाकलेले दोन मनोरे, एक २७ मजली, दुसरा २० मजली. त्यांच्या मधोमध बशीसारखे गोल सभागृह. एक मनोरा शहराच्या कारभाराला आणि दुसरा महानगराच्या, अशी मूळ विभागणी. मनोऱ्यांच्या खिडक्या आतल्या, सभागृहाकडच्या बाजूला आहेत. बाहेरची पाठ बिनखिडक्यांची, काँक्रीटची. वरून पाहिल्यास पापण्यांमध्ये बुबुळ असावे असे दिसते, यावरून ‘सरकारचा डोळा’ हे टोपणनाव पडले. अधिकाऱ्यांच्या कचेऱ्या कडेला आणि लोकप्रतिनिधींची सभा मध्यभागी, हा त्यातला अर्थ लोकांना भावला. उत्तरेकडून येणाऱ्याला मात्र इमारत पाठ फिरवून उभी असल्यासारखी वाटते, आणि ही तक्रार खोटी नाही. बांधकाम नोव्हेंबर १९६१ मध्ये सुरू झाले. खर्च सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर झाला. रेव्हेल यांना पूर्ण झालेली इमारत पाहता आली नाही. नोव्हेंबर १९६४ मध्ये, उद्घाटनाच्या दहा महिने आधी, त्यांचे निधन झाले.

ज्या जमिनीवर हे सगळे उभे राहिले ती मोकळी नव्हती. ‘द वॉर्ड’ म्हणून ओळखली जाणारी ती गरीब स्थलांतरितांची वस्ती होती. तेथे आधी आयरिश, पूर्व युरोपातून आलेले ज्यू, इटालियन आणि गुलामगिरीतून सुटून आलेले कृष्णवर्णीय राहिले. पुढे एलिझाबेथ स्ट्रीटभोवती शहराचा पहिला चायनाटाउन वाढला. चौकासाठी त्याचा बराचसा भाग पाडला गेला. उरलेल्या भागावर पुन्हा संकट आले, तेव्हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस रहिवाशांनी समिती स्थापून तो वाचवला. तरी व्यापाराचा ओघ हळूहळू पश्चिमेला स्पॅडायना अव्हेन्यूकडे वळला. चौकाला फिलिप्स यांचे नाव आहे. तेथील तळ्यावर हिवाळ्यात बर्फावरचे स्केटिंग चालते.

चौकात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे ‘द आर्चर’ हे ब्राँझशिल्प आहे. त्यासाठी पैसे द्यायला पालिकेने नकार दिल्यावर महापौर फिलिप गिव्हन्स यांनी देणग्या गोळा केल्या. ऑक्टोबर १९६६ मध्ये शिल्पाचे अनावरण झाले आणि डिसेंबरच्या निवडणुकीत गिव्हन्स पडले. पराभवाचे खापर बहुतेक जण या शिल्पावरच फोडतात.

जुन्या नगरभवनावरचा घाला याच सुमाराचा. ईटन्स या मोठ्या दुकानदार कंपनीच्या विकास योजनेत लेनॉक्स यांची वास्तू पाडून फक्त घड्याळमनोरा आणि पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक ठेवायचे होते. नागरिकांनी संघटना उभारून विरोध केला आणि १९६७ मध्ये कंपनीने तो बेत सोडला. नंतर बांधलेले ईटन सेंटर १९७७ मध्ये खुले झाले, जुन्या इमारतीला हात न लावता. त्या इमारतीत पुढे कित्येक दशके न्यायालये भरली.

खरे तर लेनॉक्स यांची वास्तूही कुणाच्या तरी जागी आली होती. १८४५ पासून पालिका फ्रंट स्ट्रीटवरच्या इमारतीत बसत असे. त्या इमारतीचा मधला भाग आज सेंट लॉरेन्स मार्केटच्या पोटात आहे: खाली मासे, मांस आणि चीजचे गाळे, आणि वर, जिथे नगरसेवक भांडत, तिथे कलादालन.